आटपाट नगर मुलांच्या ताब्यात द्या

डिसेंबरात चौथीच्या वर्गाला मी ‘माझी आई’ हा निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलं, ‘माझी आई रोज पहाटे लवकर उठते. ती मला गरमगरम डबा करून देते. संध्याकाळी ती माझा अभ्यास घेते.’ अक्षर सुरेख, शुद्धलेखनाच्या चुका दोनच. मी दहापैकी आठ गुण दिले. त्या दिवशी तिची आई कोल्हापूरकडं उसाच्या फडात होती. दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावं अर्धी रिकामी होतात; नवरा-बायकोची जोडी, म्हणजे तोडणीच्या भाषेत ‘एक कोयता’, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्याकडं जाते. काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. ही आजीपाशी होती. मला हे सगळं माहीत होतं. तरी तिनं ते लिहिलं आणि मी ते तपासलं. निबंधाच्या वहीत आई कशी असावी लागते, हे आम्हा दोघींनाही पाठ होतं.

जानेवारीत मी विषय दिला नाही. फळ्यावर तीन शब्द लिहिले, ‘आटपाट नगर होतं’, आणि म्हटलं, पुढचं तुम्ही सांगा. त्याच मुलीनं लिहिलेलं इथं जसंच्या तसं देते.

‘आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. राजाच्या रानात लई ऊस होता. राजा म्हनला, जो एका रात्रीत सगळा ऊस तोडील त्याला आर्धं राज्य देईन. एक बाई कोयता घेऊन गेली. ती म्होरं तोडायची आन् मागं ऊस पुन्हा उगवायचा. ती रडाया लागली. तिला एक मुंगी भेटली. मुंगी म्हनली, का रडतीस. बाईनं तिला भाकरीचा तुकडा दिला. मग सगळ्या मुंग्या आल्या आन् त्यांनी उसाच्या मुळ्या खाल्ल्या. ऊस उगवला नाही. राजानं आर्धं राज्य दिलं. बाई म्हनली, मला राज्य नको, मला घरी जायचंय.’

यात शुद्धलेखनाच्या चुका किती, ते मी मोजलं नाही. वही बंद करून बराच वेळ बसून राहिले. मागं पुन्हा उगवणारा ऊस. फेडली तरी पुढच्या हंगामात पुन्हा उभी राहणारी उचल ज्या घरात असते, त्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीला हे चित्र कुणी शिकवलं नव्हतं. ‘माझी आई’ या विषयावर तिला खरं लिहिता आलं नाही. राजा आणि मुंग्या मिळाल्याबरोबर आला.

माझं म्हणणं एवढंच आहे की अद्भुतकथा रचायला शिकवणं हे प्राथमिक शाळेचं पाढ्यांइतकं नेमाचं काम असलं पाहिजे. आज ते कुठं कुठं एखाद्या शिक्षकाच्या हौसेवर चालतं. लहान मुलाला स्वतःचं दुःख, भीती, राग थेट सांगता येत नाही, आणि सांगायला लावूही नये. गोष्टीत ते राक्षसाच्या तोंडी घालता येतं, पेटीत बंद करता येतं, सात समुद्रांपलीकडं नेऊन ठेवता येतं. वयानं मोठी माणसं यासाठी कविता लिहितात, डायरी लिहितात, नाहीतर गप्प बसतात. मुलांकडं गोष्ट असते, आणि तीच आपण शाळेत आल्यावर काढून घेतो.

काढून कशी घेतो ते सांगते. आपल्याकडं कथालेखन शिकवत नाहीत असं नाही. माध्यमिकच्या प्रश्नपत्रिकेत ते असतंच, आणि त्याचा साचा खाली चौथी-पाचवीपर्यंत झिरपतो. मुद्दे दिलेले असतात: एक शेतकरी, चार आळशी मुलं, शेतात पुरलेलं धन, खणणं, भरघोस पीक. मुलांनी मुद्द्यांच्या मधल्या जागा भरायच्या, वर शीर्षक द्यायचं आणि खाली तात्पर्य लिहायचं. तात्पर्याला गुण असतात. त्यामुळं मूल आधी तात्पर्य ठरवतं आणि मग त्याच्याकडं चालत जाईल अशी गोष्ट रचतं. अशा गोष्टीत कुणाला काही अनपेक्षित भेटत नाही, कारण शेवटच्या ओळीत काय येणार ते पहिल्याच ओळीत ठरलेलं असतं.

आपल्या घरोघरी सांगितल्या गेलेल्या गोष्टी अशा नाहीत. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं, तो दार ठोठावतो, आणि चिमणी म्हणते, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते. या गोष्टीचं तात्पर्य काय? मी वर्गात विचारलं तेव्हा काही मुलांना चिमणीचा राग आला, काही म्हणाली कावळा लबाड असतो, आणि एक मुलगा म्हणाला, ‘चिमणी एकटीच हुती ना घरी, मग कसं उघडंल दार?’ तिसऱ्या उत्तराला कुठल्याही उत्तरपत्रिकेत जागा नाही. भोपळ्यातल्या म्हातारीचंही तसंच. ती वाघाला सरळ सरळ फसवते. लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा, असं सांगून परतताना भोपळ्यात बसून ‘टुणूक टुणूक’ निघून जाते. खोटं बोलू नये हे तात्पर्य काढायचं तर म्हातारी वाघाच्या पोटात गेली पाहिजे. एकाही आजीनं तिला जाऊ दिलेलं नाही.

‘परीकथा’ या शब्दाबद्दल थोडं. परी हा शब्द फारसीतून आपल्याकडं आला आणि आता तो आपलाच आहे. पण मुलांना ‘परीकथा लिहा’ म्हटलं की पांढरा झगा, पंख आणि चांदणीची काडी एवढंच डोळ्यांपुढं येतं, कारण टीव्हीवर आणि मोबाइलवर तेच दिसतं. आपल्या गोष्टींत अडल्यानडल्याला जे धावून येतात ते बहुतेक साधे असतात: मुंगी, साळुंकी, नागोबा, वाटेवर भेटलेली म्हातारी, भोपळा. मदत मागायला कुणी आकाशाकडं बघत नाही, पायाखाली बघतं. म्हणून मी वर्गात ‘अद्भुत गोष्ट’ म्हणते, आणि मुलांना विचारते, तुझ्या रस्त्यावर कोण कोण असतं?

आता शिकवायचं कसं. पुष्कळ शिक्षक म्हणतात, कल्पना मुळात असावी लागते, ती शिकवता येत नाही. मला हे पटत नाही. गाणं शिकवता येतं तशीच गोष्ट शिकवता येते, कारण तिला घाट असतो. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाचा हुकूम निघतो की सगळ्यांनी घरचं सगळं दूध आणून महादेवाचा गाभारा भरावा. लोक भीतीनं वासरांचं, मुलाबाळांचं दूध तोडून आणतात. सगळं दूध ओततात, तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मात्र लेकरांना पाजते, वासरांना पाजते, घरच्यांना जेवू घालते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन येते. ते ओतल्याबरोबर गाभारा भरतो. मी ही कहाणी सांगितली आणि फळ्यावर चारच प्रश्न लिहिले. कशाची उणीव आहे? अट कुणी घातली? किती वेळा प्रयत्न फसला? शेवटी कशानं जमलं? मुलांनी उत्तरं दिली, आणि मग त्याच चार प्रश्नांवर स्वतःच्या गोष्टी बांधल्या. कोयत्याच्या गोष्टीत हे चारही आहेत, आणि ते तिनं कानानं उचललेलं आहे. मी फक्त बोट ठेवून दाखवलं होतं.

कहाणीची सुरुवात आणि शेवट यांचाही मी मुद्दाम उपयोग करते. ‘आटपाट नगर होतं’ म्हटलं की दार उघडतं. ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटलं की दार लागतं. मधल्या जागेत काहीही घडू शकतं आणि दार लागल्यावर सगळे सुखरूप घरी असतात. भित्र्या मुलांना या दोन वाक्यांचा फार आधार होतो. माझ्या वर्गात सगळ्यांच्या घरी श्रावणातल्या कहाण्या होत नाहीत. तांड्यावरची मुलं आहेत, मुस्लिम घरांतली आहेत, बौद्ध घरांतली आहेत. म्हणून मी घाट घेते, व्रत घेत नाही. वसा, उद्यापन, कोपणारा देव यांची वर्गात गरज नाही. तांड्यावरच्या एका मुलानं त्याच्या याडीची, म्हणजे आईची, गोष्ट गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, सांगितली. शेजारच्यानं मराठीत समजावली. दोघांनी मिळून लिहून काढली तेव्हा तिच्यात दोन्ही भाषांचे शब्द राहिले, आणि मी ते राहू दिले.

दुसरी एक युक्ती इटलीतली. जान्नी रोदारी हे मुलांसाठी लिहिणारे लेखक एके काळी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९७० साली त्यांना बालसाहित्याचा आंतरराष्ट्रीय अँडरसन पुरस्कार मिळाला. १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया या शहरातल्या शिक्षकांबरोबर त्यांनी आठवडाभर काम केलं आणि त्यातून पुढच्या वर्षी गोष्टी रचण्याच्या तंत्रावरचं त्यांचं पुस्तक झालं. त्यातली सर्वांत सोपी रीत अशी: एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांना शेजारी बसवायचं. त्यांचं उदाहरण होतं कुत्रा आणि कपाट. मी चिठ्ठ्या उचलायला लावल्या तेव्हा विळी आणि ढग निघाले. पाच मिनिटं वर्ग नुसता हसत होता. मग मागून आवाज आला, ‘आजीनं ढग विळीवर चिरला, ढग रडला, म्हणून त्या गावात पाऊस खारट पडतो.’ खारट पाऊस पिणाऱ्या गावाचं पुढं काय झालं, यावर नंतर दोन तास गेले.

ज्यांना अजून लिहिताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं तेव्हापासून आम्हा शिक्षकांवर एकच तगादा आहे: तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. तगादा योग्यच आहे. पण ‘आधी वाचन येऊ दे, गोष्टीबिष्टी नंतर’ असं जे म्हटलं जातं त्यात क्रम चुकतो. शिकागोतल्या एक बालवर्गाच्या शिक्षिका, व्हिव्हियन पेली, वर्षानुवर्षं एक साधी गोष्ट करत होत्या. मूल बोलेल ते त्या शब्दशः लिहून घ्यायच्या आणि मग वर्ग ती गोष्ट करून दाखवायचा. मी पहिलीत हे करून पाहिलं. मुलानं सांगितलेली तीन वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहिली आणि त्याच्यापुढं धरली. त्याला अक्षरं येत नव्हती, पण तिथं काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं, कारण ते त्याचंच होतं. तो बोट फिरवत ‘वाचू’ लागला आणि ‘वाघ’ या शब्दावर येऊन थांबला: हा वाघ ना? पाठ्यपुस्तकातल्या कमळापेक्षा त्याला तो वाघ आधी ओळखता आला.

सर्वांत गंभीर आक्षेप आमच्याच विचाराच्या माणसांचा असतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धेविरुद्ध लढताना माणसांनी प्राण दिले आहेत. अशा राज्यात शाळेनं मुलांना चेटकिणी, जादूची अंगठी, बोलणारे नाग शिकवावेत का? मी स्वतः या चळवळीला मानते, त्यामुळं यावर खूप विचार केला. माझा अनुभव उलट आहे. अंधश्रद्धा तिथं वाढते जिथं ऐकलेली गोष्ट कुणीतरी रचलेली आहे हे माणसाला कळत नाही. ज्या मुलानं स्वतः एक राक्षस तयार केला, त्याला तीन डोळे द्यावेत की पाच यावर मित्राशी वाद घातला, आणि त्याचा जीव आधी पोपटात आणि मग खोडून तूरडाळीच्या डब्यात ठेवला, त्या मुलाला राक्षस कसे बनतात ते कळलेलं असतं. उद्या कुणी बाबा येऊन तुमच्या घरावर सावली आहे म्हणाला, तर ‘ही गोष्ट कुणी रचली?’ हा प्रश्न याच मुलाच्या मनात आधी येईल. गोष्टीतली जादू गोष्टीतच ठेवायची हे मुलं चार वर्षांची असल्यापासून जाणतात. अंगणात बसून पानाची भाकरी खाणारं मूल खरोखर पान गिळत नाही.

दुसरा आक्षेप राजे, सावत्र आया, गोऱ्यापान राजकन्या आणि त्यांना सोडवणारे राजपुत्र यांचा. तो मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मुलांनी लिहिलं पाहिजे. या कथा दगडावर कोरलेल्या कधीच नव्हत्या. हिमगौरीला मारायला निघालेली बाई ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. आईनं असं करावं हे त्यांना छापवेना, एवढंच. ‘सावत्र आई दुष्टच असते’ हे ज्याला आपण लोकांचं जुनं शहाणपण समजतो, ते या गोष्टीत तरी संपादकांनी बदललेलं एक नातं आहे. ग्रिमना बदलता आलं तर आमच्या चौथीला का नाही? माझ्या वर्गात सावत्र आईजवळ वाढणारी एक मुलगी आहे. तिनं हिमगौरीची गोष्ट फिरवली: सावत्र आई स्वतःच सफरचंद खाते, कारण तिला त्याचा वास संशयास्पद वाटतो. मी तिला काही सुचवलं नव्हतं.

आणि मोबाइलला सांगितलं की गोष्ट तयार मिळते, मग मुलांनी कशाला लिहायची, असं हल्ली पालक विचारतात. पोहता येणारा माणूस टीव्हीवर दिसतो म्हणून आपण पोराला पोहायला शिकवायचं थांबवत नाही. यावर मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

साजरं करण्याबद्दल मात्र पुष्कळ म्हणायचं आहे. एका शाळेच्या परीकथा दिनाला मी पाहुणी म्हणून गेले होते. भाड्यानं आणलेले झगे, थर्माकोलचे मुकुट, पुठ्ठ्याचे पंख. प्रत्येक मूल माइकपुढं येऊन पाठ केलेली तीन इंग्रजी वाक्यं म्हणायचं आणि पालक फोटो काढायचे. एका मुलीचा झगा मोठा होता, ती तो दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिची वाक्यं विसरली. तिला आत नेलं गेलं. त्या दोन तासांत एकाही मुलानं एकही गोष्ट सांगितली नाही. ज्यांच्या घरी झग्याच्या भाड्याचे पैसे नव्हते ती मुलं त्या दिवशी आलीच नव्हती, असं मला नंतर समजलं. या प्रकाराला उत्सव म्हणायला माझी तयारी नाही. गोष्टीचा उत्सव म्हणजे सांगणारा आणि ऐकणारे. बाकी सगळं वजा केलं तरी चालतं.

तारीखही मला बदलावीशी वाटते. डेन्मार्कचे परीकथाकार हान्स ख्रिस्तियन अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, १९६७ पासून जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडं तेव्हा वार्षिक परीक्षांची धांदल आणि ऊन. आपल्याकडं गोष्टीचा महिना आधीपासून आहे, तो श्रावण. वारावारी कहाण्या वाचायची चाल याच महिन्यातली. आमच्यासारख्या भागात त्याला आणखी एक कारण आहे: श्रावणात गाळप बंद असतं आणि आयाबाप गावात असतात. वर्षातल्या ज्या थोड्या महिन्यांत मुलाला स्वतःच्या आईला गोष्ट ऐकवता येते, त्यातला हा महिना. शुक्रवारी शेवटच्या दोन तासिका आयांना शाळेत बोलवायचं. आधी एका आईनं सांगायची, मग एका मुलानं वाचायची. परीक्षक नको, क्रमांक नको, बक्षीस नको. गेल्या श्रावणात एक आई आली, म्हणाली मला काही येत नाही, आणि मग पाऊण तास सांगत राहिली. तिचा मुलगा तोंड उघडं ठेवून बघत होता. आपल्या आईला हे येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

मुलाचं नाव गोष्टीवर हवं, हा आग्रह मी सोडत नाही. दख्खनच्या गोष्टींचं एक जुनं इंग्रजी पुस्तक १८६८ मध्ये छापलं गेलं. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रीअर हिनं ते केलं, पण गोष्टी होत्या तिच्या आयेच्या, म्हणजे घरी कामाला असलेल्या ॲना लिबेराता डिसोझा यांच्या. त्यांना त्या त्यांच्या आजीकडून मिळालेल्या. मेरीनं एक काम चांगलं केलं: सांगणारीचं नाव दिलं आणि तिच्या आयुष्याची हकिकत तिच्याच तोंडून पुस्तकात घातली. आपल्या कित्येक गोष्टी सांगणाऱ्या बायांचं नाव कुठंच राहिलेलं नाही. आमच्या मुलींचं राहू द्या.

यासाठी शासनानं नवी योजना काढायची गरज नाही. आनंददायी शनिवार वेळापत्रकात आहे. त्यातली एक तासिका गोष्ट रचण्याची करावी आणि तिचा अहवाल, फोटो, लिंक काही मागू नये. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई लागू नये; शुद्धलेखन दुसऱ्या वेळी, पुस्तक करताना, मूल आणि शिक्षक शेजारी बसून पाहतील. खालच्या वर्गांच्या कथालेखनातून तात्पर्याची ओळ काढून टाकावी. आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत महिन्यातून एकदा आम्हा शिक्षकांनाच एक तास गोष्ट लिहायला बसवावं. ज्यांनी स्वतः वीस वर्षांत एकही गोष्ट रचलेली नाही त्यांना मुलाची अडचण कळत नाही, हे मी माझ्यावरून सांगते.

कोयत्याची गोष्ट आम्ही सुईदोऱ्यानं शिवून पुस्तक केली. मुखपृष्ठावर तिनं मुंग्यांची रांग काढली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ग्रंथालयाच्या दाखलपुस्तकात नोंद करताना प्रकाशकाच्या रकान्यात शाळेचं नाव लिहिलं, किमतीच्या रकान्यात वहीचे दहा रुपये. कपाटात ते पुस्तक खालच्या फळीवर ठेवलंय, पहिलीच्या मुलांचा हात पोचेल असं. देवघेव वहीत त्याच्यापुढं आतापर्यंत अकरा नावं आहेत. त्यातलं दोनदा आलेलं नाव तिच्या धाकट्या भावाचं आहे, आणि मे महिन्यातल्या एका नोंदीपुढं सहीऐवजी तिच्या आईचा अंगठा आहे.